फिरणाऱ्या भागाला टिळा

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. सांगितली, अनेकदा सांगितली, लग्नकार्यांत पंगतीला बसून हसत हसत सांगितली. फक्त त्यातलं एक माणूस बदलून सांगितली. आज ते माणूस जागेवर ठेवून सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं. दादा, वहिनी, त्यांची बालवाडीत जाणारी मुलगी आणि मी, असे चौघं डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांत राहत होतो. दादा कोलशेतच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होता. त्या पावसाळ्यात कारखान्याला टाळं लागलं. संप नव्हता, तंटा नव्हता, एक दिवस गेटवर नोटीस दिसली आणि आतली मशीनं बंद पडली. दादा तरी रोज सकाळी डबा घेऊन निघायचा. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर सगळे कामगार जमायचे, आज उघडेल, उद्या उघडेल करायचे, आणि संध्याकाळी घरी. डबा तिथेच बसून खायचा. वहिनी डबा भरून द्यायची आणि काही विचारायची नाही.

घर चालवायचं तर कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं. मी कॉम्प्युटर हार्डवेअरचा कोर्स नुकताच संपवलेला, ठाण्यात एका दुकानात नोकरी लागायच्या बेतात होती, पण अजून लागली नव्हती. वहिनीने लग्नाआधी कल्याणला टायपिंग क्लासला जाऊन मराठी टायपिंगच्या सरकारी परीक्षा दिलेल्या. बोटं अजून शाबूत होती. पोळपाटाच्या कडेवर ती कधीकधी नकळत टकटक करायची, तेव्हा मी चिडवायचो, "वहिनी, कोणाला पत्र लिहिताय?"

"तुमच्या होणाऱ्या सासूबाईंना," ती म्हणायची. "म्हटलं, मुलगा उजवायचाय, पण घोरतो."

डोंबिवलीत तेव्हा गल्लीगल्लीत डीटीपीची दुकानं निघत होती. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, प्रश्नपत्रिका. वहिनीच्या मनात आलं की हे आपण घरी बसून करू शकतो. तिने मला विचारलं, मी दादाला पटवलं. दादा पटला म्हणजे काय, "करा काय करायचं ते" म्हणाला. फंडातून उचल काढून त्याने कॉम्प्युटर आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घेऊन दिला. पण घेतानाच सगळ्यांसमोर बोलून ठेवलं, "दिवाळीपर्यंत बघतो. काम आलं तर ठीक. नाहीतर हा कॉम्प्युटरचा डबा विकून टाकणार, मग माझ्या डोक्याशी कटकट करायची नाही."

आणि काम आलं. वहिनीने स्वतः जाऊन आणलं. जवळच्या एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापक बाई तिच्या ओळखीच्या, त्यांनी सहामाहीच्या प्रश्नपत्रिका टाइप करायला दिल्या. पाचवी ते सातवी, सगळे विषय. एकेक स्वच्छ प्रत काढून द्यायची, पुढच्या झेरॉक्स शाळा काढणार. दसऱ्यानंतर चार दिवसांनी हव्या होत्या. बाई म्हणालेल्या, हे नीट झालं तर वार्षिक परीक्षा, निकालपत्रकं, हस्तलिखिताचा अंक, सगळं तुझ्याकडे. वहिनी त्या दिवशी जिना चढून आली ती धापा टाकतच, आणि चपला न काढताच मला सांगायला लागली. एरवी चपला घालून कोणी आत आलं तर तिला अजिबात खपायचं नाही.

दुकानाचा माणूस येऊन कॉम्प्युटर जोडून गेला. मराठी फाँटही त्याने घालून दिले, वहिनीच्या सवयीचा टाइपरायटरचाच कीबोर्ड. प्रिंटरची जाड केबल मागे लावली. फक्त ड्रायव्हर राहिला. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरचं म्हणणं प्रिंटरला कळेल अशा भाषेत पोचवणारा छोटा प्रोग्रॅम. तो प्रिंटरच्या खोक्यात दोन फ्लॉप्यांवर यायचा. त्याच्याशिवाय त्या प्रिंटरवर साधी इंग्रजी अक्षरं कशीबशी उमटत, मराठी एक अक्षर नाही. तो माणूस म्हणाला, घालून देऊ? तर मी म्हणालो, "राहू द्या हो, ड्रायव्हर मी टाकतो. त्यात काय आहे?"

दादा म्हणाला, "आत्ता नाही. दसऱ्याला पूजा झाल्यावर. नव्या मशीनला पूजेआधी काम लावायचं नसतं."

कारखान्यात दसऱ्याची पूजा दादाच्या हातची असायची. लेथ पुसून, तेल देऊन, झेंडूचा हार घालून. तिथला एक नियम तो आम्हाला लहानपणापासून सांगत आलेला: टिळा नुसत्या पत्र्याला लावून उपयोग नाही, फिरणाऱ्या भागाला लागला पाहिजे. पत्रा काय, तो नुसता उभा असतो. काम करतं ते फिरणारं. त्या वर्षी कारखान्यात पूजा नव्हती. दादाने ती सगळी घरात आणली. सकाळी लवकर उठून झेंडू आणला, नारळ आणला, मॉनिटर ओल्या फडक्याने स्वतः पुसला. त्याला तसं हौसेने काही करताना मी बऱ्याच महिन्यांनी बघत होतो.

नारळ फोडायला तो खाली गेला आणि जाताना मला म्हणाला, "तुला कळतं ह्यातलं. टिळे लावून घे. फिरणाऱ्या भागाला, हां."

वहिनी ताट घेऊन उभी होती. मी मॉनिटरला लावलं, सीपीयूला लावलं, प्रिंटरच्या रोलरला लावलं. मग मला सुचलं. फ्लॉपी उलटी केली की मागे मधोमध धातूची चकचकीत गोल चकती असते. ड्राइव्ह तीच पकडून आतली तबकडी फिरवतो. टिळ्यासाठीच जागा ठेवल्यासारखी. मी दोन्ही फ्लॉप्या काढल्या, उलट्या केल्या आणि ओलं कुंकू बोटावर घेतलं.

"भावजी, ह्याला लावायचं का?" वहिनी म्हणाली. "कडेने फट आहे बघा. आत जाईल."

"वहिनी, तुम्ही टायपिंगचं बघा," मी म्हणालो. "हे माझं खातं आहे."

आणि लावलं. दोन्हींना, चांगलं ठसठशीत. वर हळद. वर अक्षता. दादा नारळ घेऊन वर आला तेव्हा फ्लॉप्या सरळ करून मॉनिटरपुढे मांडलेल्या होत्या आणि वर फुलं होती. दादाने हात जोडले, वहिनीने जोडले, पुतणीने जोडले. मीही.

कोर्सला आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं होतं की ड्रायव्हरची फ्लॉपी हातात आली की आधी तिची प्रत काढायची, मग त्या प्रतीवरून काम करायचं. मूळ फ्लॉपीला हात लावायचा नाही. मी प्रत काढली नव्हती. पूजेआधी काम लावायचं नव्हतं म्हणून नाही. दोन रिकाम्या फ्लॉप्या आणायला स्टेशनपर्यंत जायचा कंटाळा आला म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा गेटवर गेलेला असताना मी पहिली फ्लॉपी आत सरकवली. जेमतेम सुरू झालं आणि ड्राइव्हमधून खरवडल्यासारखा आवाज यायला लागला. पडद्यावर आलं की वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करायचा का? मी केला. पुन्हा केला. दुसरी घातली, तिचंही तेच. परत पहिली. प्रत्येक वेळी तबकडी फिरत होती, आणि प्रत्येक वेळी कुंकू आणखी आत घासलं जात होतं. हेही मला शिकवलेलं होतं. शेवटी फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण बोटाने सरकवून पाहिलं तर काळ्या तबकडीवर गोल गोल लाल रेघा.

वहिनी मागे उभी होती. तिने त्या रेघा पाहिल्या. म्हणाली, "आता?"

"होईल काहीतरी," मी म्हणालो. "तुम्ही टाइप करून ठेवा."

तिने टाइप केलं. पुढचे दोन दिवस तिने स्वयंपाक, मुलगी, सगळं उरकून त्या खुर्चीत बसून सगळ्या प्रश्नपत्रिका टाइप केल्या. गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, नकाशा वाचून उत्तरे द्या. पडद्यावर सगळं सुरेख दिसायचं. समास नीट, गुण उजव्या कडेला एका रेषेत. फक्त कागदावर येत नव्हतं.

मी धडपड केली नाही असं नाही. दुकानात गेलो, ते म्हणाले फ्लॉपी मुंबईहून मागवावी लागेल, आता दिवाळीनंतरच. कोर्सच्या सरांकडून दुसऱ्याच एका प्रिंटरचा ड्रायव्हर आणायला गेलो, त्यांनी तो फ्लॉपीवर दिला. ती फ्लॉपी घरच्या ड्राइव्हमध्ये घातली, तिच्यावरही रेघा. मग कळलं की ड्राइव्हचं आतलं डोकंच कुंकवाने बरबटलंय आणि आता जी फ्लॉपी आत जाईल ती खराब होऊन बाहेर येईल. स्पिरिट आणून कापसाने पुसलं. ते ओलं कुंकू सुकून दगड झालेलं, काढायला गेलो तर आणखी पसरलं. तरी पुसल्यावर एक फ्लॉपी थोडी वाचली गेली, मी घाईघाईने सरांचा ड्रायव्हर चढवला आणि वहिनीला हाक मारली. प्रिंटर सुरू झाला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. कागदावर पत्त्यांतले इस्पिक, बदाम, चौकट, हसरे चेहरे. ओळीच्या ओळी हसरे चेहरे. बंद करेपर्यंत त्याने कडेला भोकं असलेला तो सलग कागद वीतभर, हातभर, वावभर बाहेर टाकला. पुतणी टाळ्या वाजवायला लागली. वहिनीने तिला उचलून आत नेलं.

मग शेवटचा उपाय. प्रश्नपत्रिका एका नव्या फ्लॉपीवर घ्यायच्या आणि स्टेशनजवळच्या डीटीपीवाल्याकडून छापून आणायच्या. मी घेतल्या. दुकानात गर्दी होती, दिवाळीच्या शुभेच्छापत्रांचं काम चाललेलं. त्या माणसाने फ्लॉपी घातली, आवाज ऐकला आणि लगेच बाहेर काढली. झाकण सरकवून उजेडात धरली.

"काय रे हे? फ्लॉपीचं लग्न लावलंस काय?"

दुकानातले सगळे हसले. एक जण म्हणाला, "अरे, मुंडावळ्या कुठायत?"

"हळदही दिसतेय," तो माणूस म्हणाला. "माझा ड्राइव्ह गेला असता, भाऊ. कोणाचं काम हे? तू तर त्या क्लासचा ना? हार्डवेअरवाला?"

त्याने मला ओळखलेलं. ठाण्याच्या ज्या दुकानात मला नोकरी मिळणार होती त्यांच्याकडूनच तो माल घ्यायचा, हे मला माहीत होतं.

"वहिनीने केलंय," मी म्हणालो. "दसऱ्याला. बायकांना काय सांगणार?"

"हां, मग बरोबर," तो म्हणाला, आणि सगळे पुन्हा हसले. मीही हसलो. इतकं सोपं होतं ते. बोलायच्या आधी मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि आजूबाजूची माणसं माझ्या बाजूची झाली.

घरी आलो तर दादा आलेला होता. त्याला वहिनीने इतकंच सांगितलेलं की प्रिंटर चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्नपत्रिका द्यायच्या होत्या. तो पलंगावर बसून होता, शर्टसुद्धा बदलला नव्हता.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"फ्लॉपीत कुंकू गेलंय," मी म्हणालो. "पूजेतलं."

हे खरं होतं. ह्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी कितीतरी वर्षं ह्या वाक्याचा आधार घेतला.

दादाने माझ्याकडे बघितलंच नाही. मान थेट वहिनीकडे वळवली. "अगं, अक्कल आहे का? ती काय देव्हाऱ्यातली मूर्ती आहे? कुंकवाचा करंडा घेऊन फिरायचं आणि दिसेल त्याला फासायचं!"

वहिनी ओट्यापाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बसमध्ये आपला थांबा आल्यावर पुढच्या माणसाने उठायची वाट बघतो ना, तसं. आता भावजी बोलतील. मी केबल गुंडाळायला लागलो. केबल गुंडाळायची काही गरज नव्हती.

"मी टिळे लावले नाहीत," ती इतकंच म्हणाली.

"मग काय मी लावले? मी खाली नारळ फोडत होतो. की ह्याने लावले? हा शिकलाय त्यातलं!"

टिळे लावून घ्यायला त्यानेच मला सांगितलेलं होतं; ते त्याला आठवलं नाही आणि मी आठवण करून दिली नाही. तीही पुढे बोलली नाही. ती का बोलली नाही ह्याचा मी पुष्कळ विचार केलाय. दोघा भावांत लावून दिलं असं व्हायला नको, हे असेल. किंवा तिने मला वेळ दिला, आणि वेळ संपल्यावर तिला बोलावंसंच वाटलं नाही.

"झालं? फिटली हौस?" दादा म्हणाला. आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं तेव्हा मला जे दिसलं ते मी लिहिणार नव्हतो, पण आज लिहितो. त्याला बरं वाटत होतं. बंद गेटसमोर रोज बसून येणाऱ्या माणसाला बायको घरात बसून कमावणार हे सोसत नव्हतं आणि तसं बोलताही येत नव्हतं. मी त्याच्या हातात कारण ठेवलं. त्याने ते घेतलं, जपलं, शेवटपर्यंत वापरलं.

सकाळी वहिनी हाताने लिहिलेल्या मूळ प्रश्नपत्रिका परत द्यायला शाळेत गेली. मी येतो म्हणालो, ती नको म्हणाली. बाई काही टाकून बोलल्या नाहीत म्हणे. "बघू पुढच्या वेळी" म्हणाल्या. त्यांनी तातडीने दुसरीकडे काम दिलं आणि पुढची वेळ त्या दुसऱ्याची झाली.

दिवाळीनंतर दादा बोलल्याप्रमाणे डबा विकायला निघाला. शीळफाट्याजवळचा एक जण बघूनही गेला. मग दादाच म्हणाला, "परक्याला कशाला? तुला उपयोग आहे. तू ने." तोवर मला ठाण्यात नोकरी लागलेली, तिथेच एका मित्राबरोबर खोली घेतलेली. मी नेला. वहिनीने प्रिंटर जुन्या चादरीत नीट बांधून दिला, केबल वेगळ्या पिशवीत. दुकानातून ड्रायव्हरच्या नव्या फ्लॉप्या आल्या. ड्राइव्ह बदलला. आधी प्रत काढली, मग प्रतीवरून ड्रायव्हर टाकला. चहा उकळायच्या आत झालं. चाचणीचं पान निघालं, काळंभोर, स्वच्छ. हार्ड डिस्कवर वहिनीच्या प्रश्नपत्रिका अजून होत्या. एक छापून बघितली. सातवी, भूगोल. एक चूक नव्हती. ती मी फाडून टाकली आणि फायली पुसल्या.

त्या मशीनवर मी संध्याकाळची कामं घ्यायला लागलो, पुढे नोकरी सोडली, आणि आज जे काही आहे ते तिथून सुरू झालं. कारखाना उघडला नाही. वहिनीने साड्यांना फॉल-पिको करायला घेतलं आणि त्यावर घर चाललं, मुलगी शिकली. दादाला शिलाई मशीनचं काही वावडं नव्हतं. ते बायकांचंच होतं.

आणि गोष्ट सुरू झाली. साखरपुड्याला, बारशाला, कोणी कॉम्प्युटरचं नाव काढलं की दादा म्हणायचा, "आमच्या हिने कुंकवाने कॉम्प्युटर मारला." मग माझ्याकडे हात करायचा, "सांग रे." मी सांगायचो. फ्लॉपीचं लग्न, मुंडावळ्या, ते दुकानदाराचे विनोद मी माझे म्हणून घालायचो. लोक खो खो हसायचे. वहिनी वाढत असायची. एकदा ती माझ्याच पानात भात वाढत असताना मी हे सांगत होतो, आणि ती वाढून पुढच्या पानाकडे गेली.

दादा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. आजारपणात मी रोज जायचो. दोन-तीनदा तो एकटा असताना विषय ओठांवर आणला. पण त्याला धाप लागायची, औषधाची वेळ व्हायची, कोणीतरी यायचं. कारणं मिळत गेली आणि मी ती घेत गेलो. एकदा तर त्यानेच नर्सला ती गोष्ट सांगायला घेतली, आणि मी पुढची जोडून दिली.

मागच्या वर्षी पुतणीने घोडबंदर रोडला नवीन घर घेतलं. तिने प्रिंटर आणलेला आणि मला जोडायला बोलावलं. वहिनी तिथेच असते आता. मी खोकं उघडत होतो, ती दारात उभी राहून बघत होती. पुतणी तिच्या बापासारखीच म्हणाली, "आई, तू लांबच थांब हं! हात नको लावूस!"

वहिनी खरंच एक पाऊल मागे सरकली. हात पदराखाली घेतले.

पुतणी खाली कुरियर आणायला गेली तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, ते कुंकू मी लावलेलं."

"मला काय सांगताय?" ती म्हणाली. "मी तिथेच होते की."

"माफी मागायचीय मला."

ती दाराच्या चौकटीला टेकली. मग म्हणाली, "ह्यांना सांगायचं होतंत. माझ्याबद्दल तसं मनात धरून गेले ते."

मी विचारलं, पुतणीला सांगू का? ती म्हणाली, "सांगा. पण मी घरात नसताना. मी असले तर ती लगेच माझ्याकडे येईल, इतकी वर्षं तू का नाही बोललीस विचारेल, आणि बापाबद्दल मला तिला काही सांगावं लागेल. ते मला नकोय."

लिफ्टचा आवाज आला. मी ड्रायव्हर टाकायला घेतला. आता फ्लॉपी नसते, तार लावली की तो आपोआप उतरतो. पुतणी आत येऊन म्हणाली, "काका, झालं?" मी हो म्हणालो. वहिनी तोवर आत निघून गेली होती.